चौथा वाफा

बीबीदारफळच्या माळावर चार वाफे, चार पाट्या.
काशव्वा बिराजदार सोळा लिटरचा पंप पाठीला लावून
झुंजूमुंजूलाच सुरू होते.
पहिल्यात जस्त. दुसऱ्यात बोरॉन.
तिसऱ्यात समुद्री शेवाळाचा अर्क,
समुद्र कधी न पाहिलेल्या झाडांच्या अंगावर.
चौथ्यात नुसतं पाणी.

"नुसतं पाणीच मारायचं तर पंप कशाला?"
पहिल्या दिवशी तिनं विचारलं.
तुलनेसाठी, मी म्हटलं.
"पण पाणीबी तेवढंच जड असतंय की ओ बाई."
हे मी वहीत लिहिलं नाही.

इथली चुनखडीची जमीन
दिलेलं जस्त गिळून बसते,
मुळांपर्यंत पोचू देत नाही.
म्हणून पानाच्या मागल्या दारानं जायचं,
ऊन चढायच्या आत,
दार अजून किलकिलं असताना.
काशव्वा नळी खालून वर धरते,
लेकराच्या कानामागं पाणी लावावं तशी
पानाची पाठ भिजवते.
कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की पहिला हात,
रंग दाखवू लागल्या की दुसरा.

मग एप्रिल.
सूर्य उगवायच्या आधी खुडायचं.
आठ वाजले की वास निघून गेलेला असतो,
आणि पाकळ्या उगाच लाल दिसत राहतात.
टोपलीभर फुलं, काचेच्या नळीत वाफ,
आणि सगळं संपल्यावर पाण्यावर तरंगणारा
पिवळसर थेंब,
ज्याला थेंब म्हणायलाही जीव होत नाही.

माझं काम त्यानंतरचं.
यंत्र कागदावर रेघ काढतं, रेघेला डोंगर येतात.
हा सिट्रोनेलॉल, तो जिरॅनिऑल,
उतारावरची बारकी टेकाडं
ज्यांच्यावाचून गुलाब साबणासारखा लागतो म्हणतात.
म्हणतात.
दोन वर्षांपूर्वीच्या तापानं माझं नाक नेलं.
प्रयोगशाळेत कुणाला माहीत नाही.
मी गुलाब वाचते.

मंगळवारी विजापूर वेशीतून दस्तगीर अत्तार आले.
कागदाची पट्टी बुडवली,
पण नाकाशी नेली नाही लगेच,
हवेत धरून तिची वाट पाहिली.
जस्ताला म्हणाले, पाठ ताठ आहे याची.
बोरॉन गोड आहे, पण चार पावलांत दमतं.
शेवाळाच्या पट्टीला हसले :
पाहुणा चांगला आहे, बोलतो फार.
चौथ्याशी थांबले.
हा ओळखीचा, एवढंच म्हणाले.
आणि पट्टी माझ्यापुढं धरली, "तुम्हाला काय वाटतं?"

मी कागदाकडं पाहिलं.
डोंगराची उंची सांगितली, दशांशासकट.
पट्टी माझ्यापुढं तशीच धरलेली,
मध्ये पंख्याचा आवाज.

ते काही बोलले नाहीत.
शीतपेटीतली कुपी मागितली, खिडकीशी नेली.
तेलात बारीक सुया गोठलेल्या,
बाभळीच्या काट्यांसारख्या पांढऱ्या.
"हे मेण. याला वास नसतो, ताई,
काहीच नसतो.
पण हे काढून टाकलं तर बाकीचं सगळं
दुपारपर्यंत उडून जातं."
कुपी तळहाताच्या उबेत धरून
सुया विरघळेपर्यंत उभे राहिले.
चहा नको म्हणाले. रिक्षा थांबलीय खाली.

मी पुन्हा रेघेकडं वळले.
उजव्या टोकाला, जिथवर कुणी वाचत जात नाही,
उशिरा येणारे तीन डोंगर होते.
चारही वाफ्यांचे आकडे लिहायचे राहिले होते.
लिहिले.

आज काशव्वानं विचारलं,
"मग? कोण जिंकलं?"
फरक आहे, मी म्हटलं, पण थोडा आहे,
एका हंगामावर बोलता येत नाही.
"म्हंजे पुढल्या सालीबी पाणी मारायचं."
मारायचं.
तिनं पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला.
पंपाचं झाकण गळतंय.
तिच्या पाठीवरून ओल खाली उतरते,
आणि कुठल्या वाफ्याची
ते मला तिला विचारावं लागतं.